शिष्यवृत्ती घ्या, पण जातीविषयी बोलू नका!

परदेशी विद्यापीठात कायदा शिकण्यासाठी अर्ज करणे ही निव्वळ गुणवत्तेची कसोटी आहे, असे मानणाऱ्यांनी खर्चाचा हिशेब मांडून पाहावा. प्रवेश मिळाला तरी व्हिसासाठी शुल्काची व निर्वाहाची तजवीज दाखवावी लागते. शेतमजुराच्या मुलीने ती कोठून दाखवावी? म्हणूनच सरकारी शिष्यवृत्ती हा तिचा हक्क आहे, कोणाची मेहरबानी नव्हे.

परंतु अनुसूचित जाती, विमुक्त-भटके, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्यासाठीच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून केंद्र सरकारने २०२२ साली भारताची संस्कृती, इतिहास व समाज यांचा अभ्यासच वगळला. त्यासाठी देशातच पुरेशी साधने आहेत म्हणे! बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियात गेलेल्या बाबासाहेबांनी १९१६ मध्ये तेथेच जातिसंस्थेच्या उगमावरील निबंध वाचला, आणि त्याच वर्षी लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. संस्थानिकाने जो विषय रोखला नाही, तो प्रजासत्ताकाने रोखावा काय? अस्पृश्यतेवर बंदी घालणाऱ्या कायद्याचा अभ्यासक जातीकडे पाठ फिरवून शिकणार तरी काय?

पुढे २०२५ मध्ये निवडलेल्या १०६ जणांपैकी प्रथम अवघ्या ४० जणांना तात्पुरती मंजुरीपत्रे मिळाली. इतरांना निधीची वाट पाहण्यास सांगण्यात आले. विद्यापीठाची मुदत मात्र मंत्रालयाच्या फायलीसाठी थांबत नाही. श्रीमंताचा मुलगा वडिलांच्या धनादेशावर विमानात बसतो. गरिबाची गुणवत्ता टपालाची वाट पाहत राहते.

विषयबंदी रद्द करा, आणि निवड होताच मंजुरी द्या. यापेक्षा कमी काहीही म्हणजे समतेची थट्टा होय.