ठशांचा परिग्रह

“आपण काही चोरी केली नाही, मग लपवायचं कशाला?” आधारकार्डाचा विषय निघाला की बायका हेच म्हणतात. मी विचारते, न्हाणीघराला कडी लावतो ती काय चोरी केली म्हणून?

आपल्या कर्नाटकातले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ साली, ऐंशी ओलांडल्यावर, आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. २०१८ मध्ये न्यायालयाने रेशनसारख्या लाभांसाठी आधार कायम ठेवला. पण शाळाप्रवेशाला त्याची सक्ती नको, असंही बजावलं. तरी जो तो झेरॉक्स मागतो, आणि आपण निमूट देतो!

माहिती सुरक्षित आहे म्हणतात. असेलही. पण किल्ली हरवली तर कुलूप बदलता येतं. बोटांचे ठसे कसे बदलायचे? अन् भांडी घासून, शेतात राबून जिच्या बोटांच्या रेषाच झिजल्या, तिला रेशनच्या दुकानातलं यंत्र ओळखत नाही. सारं गाव जिला ओळखतं, ती तिथे परकी ठरते.

अपरिग्रह काय फक्त श्रावक-श्राविकांनीच पाळायचा? गरजेपेक्षा जास्त साठवणं म्हणजे परिग्रह, मग ते सोनं असो की लोकांचे ठसे. आणि न दिलेलं घेणं हा अचौर्यव्रताचा भंग. धान्य अडवून घेतलेला अंगठा राजीखुशीने दिलेला कसा म्हणायचा?

बायांनो, पुढच्या वेळी झेरॉक्स देण्याआधी एवढंच विचारा: कुठल्या कायद्याने मागता?