वर्गातले प्रश्न, वर्गातच शोध

कृतिसंशोधन, म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गातल्या अडचणीचा घेतलेला शोध, म्हटले की शिक्षकांना बी.एड.ची फाईल आठवते: एकदा लिहायची, गुण घ्यायचे, विसरायची. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम आदिवासी पट्ट्यात मात्र त्याची खरी गरज आहे. द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, भातलावणीत हजेरी रोडावते. हातच्याची वजाबाकी करताना मुले नेमकी कुठे अडतात, हे पुण्यात बसून केलेला आराखडा सांगणार नाही. वहीतल्या चुका आठवडाभर टिपून ठेवणारा शिक्षकच सांगेल. साताऱ्याचे कुमठे बीट, म्हणजे तिथला शाळांचा गट, ज्ञानरचनावादी अध्यापनामुळे गाजले, पण अनेक ठिकाणी नक्कल झाली ती रंगवलेल्या फरश्यांची. मुले कशी शिकतात हे पाहण्याची तिथली सवय मागेच राहिली.

एका वर्गाच्या निष्कर्षाला किंमत काय, असे विचारले जाते. तो सगळीकडे लादायचा नसतोच. शेजारच्या शाळेने तपासून पाहावा, इतकेच. वेळ नाही ही तक्रार जास्त वजनदार. मतदारयाद्या आणि ऑनलाइन माहितीत शिक्षक पिचला आहे, त्यात आणखी एक अहवाल नको. म्हणून केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेतली भाषणे कमी करून तो वेळ वर्गातल्या अशा नोंदींना द्या, आणि फसलेला प्रयोगही मोकळेपणाने मांडू द्या. जिल्हा परिषदेने सुरुवात याच दोन तालुक्यांतून करावी.