गॅस संपत नसतो

मोटारीच्या एसीतला गॅस हा पेट्रोलप्रमाणे चालण्याने खर्च होणारा पदार्थ नव्हे, हे या स्तंभाच्या नित्याच्या वाचकांना पुन्हा सांगावे लागू नये, अशी माझी समजूत होती. परंतु गेल्या आठवड्यात नागपुरात, पारा 43 अंशांवर असताना, माझ्या मेहुण्यांच्या मोटारीची जी परवड झाली, ती पाहता तोच मुद्दा अधिक आग्रहाने मांडणे मला भाग आहे.

वर्धा मार्गावर गाडी वेगात असली की उत्तम गारवा आणि सिग्नलवर उभी राहिली की कोमट वारा, एवढीच तक्रार होती. पहिल्या गॅरेजात ही कैफियत पुरती ऐकून न घेताच ‘गॅस कमी झाला’ असा निवाडा झाला, दोन्ही बाजूंचे दाब न पाहता गॅस भरण्यात आला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गारवा पूर्वीपेक्षाही उणावला.

दुसऱ्या गॅरेजातील मिस्त्रींनी प्रथम विचारले ते हेच, की गारवा नेमका जातो केव्हा. आणि ‘गाडी उभी असताना’ हे उत्तर मिळताच त्यांची दृष्टी पुढच्या ग्रिलमागील कंडेन्सरकडे वळली. कॉम्प्रेसरने दाबलेला उष्ण वायू तेथे आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रवरूप होतो. ती हवा धावत्या गाडीस वेगामुळे आपोआप लाभते, उभ्या गाडीस मात्र पंख्यानेच पुरवावी लागते. गेज लावले, तो दोन्ही काटे प्रमाणाबाहेर वर. गॅस कमी असता तर दोन्ही खाली दिसले असते, आणि कॉम्प्रेसर दुबळा असता तर कमी दाबाची बाजू वर व अधिक दाबाची बाजू खाली राहिली असती. कंडेन्सरच्या पंख्याचा रिले जळाला होता. तो बदलून, जाळीतील धूळ धुऊन, सारा गॅस यंत्राने काढून घेऊन आणि व्हॅक्यूम करून, बॉनेटखालील पट्टीवर नोंदलेल्या वजनाइतकाच गॅस त्यांनी तोलून भरला. मूळ दोष क्षुल्लक रिलेचा. त्यावर पहिल्या गॅरेजाने जादा गॅसची भर घातली, आणि द्रवाने कंडेन्सरची जागा अडवल्यामुळे दाब आणखी चढला.

गॅस कधी कमी होतच नाही, असे माझे म्हणणे नाही. घरच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर मोटरसह सीलबंद असतो. गाडीचा बहुधा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्याच्या शाफ्टला सील आणि नळ्यांत रबर असते, तेव्हा वर्षानुवर्षांत थोडी झीज संभवते. परंतु महिन्या-दोन महिन्यांत गॅस उतरत असेल, तर तेथे गळती आहे. जोडावरील तेलकट डाग, नायट्रोजनचा दाब वा अतिनील प्रकाशात चमकणारा रंग यांनी ती शोधल्यावाचून पुन्हा गॅस भरणे हा द्रव्याचा अपव्यय तर आहेच, शिवाय गाडीच्या एसीत वापरला जाणारा आर-134ए हा वायू, वजनास वजन घेता, कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ करणारा असल्यामुळे तो सार्वजनिक अपायही आहे.

आता माझा जुना आग्रह. जेथे मापे लिहिली जात नाहीत तेथे ती घेतलीही जात नाहीत, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या पावतीवर ‘गॅस भरला’ याखेरीज अवाक्षर नव्हते. दुसरीवर दोन्ही दाब, काढलेल्या व भरलेल्या गॅसचे वजन आणि झरोक्यातील हवेचे तापमान असा सारा तपशील रुजू होता. वाचकहो, यापुढे गॅस भरण्यास संमती देण्यापूर्वी दोन्ही दाबांचे आकडे लेखी मागा, आणि ते देण्यास जो नकार देईल त्याच्या हाती गाडी सोपवू नका.