आधी गिऱ्हाईक, मग गिरणी

तूर घरात आली की दरवर्षी चार-सहा तरुण आमच्या टेबलापाशी येतात. प्रश्न एकच असतो, “साहेब, तालुक्याच्या गावी डाळ मिल टाकायची आहे, सबसिडी किती भेटते?” डाळ कोण घेणार, हे मात्र कोणी आपणहून सांगत नाही. आणि खरे सांगायचे तर आम्हीही ते विचारत नव्हतो.

डाळ मिलचा विचार चुकीचा नाही. आपण तूर कच्ची विकतो आणि डाळ दुकानातून विकत आणतो. अकोला आणि लातूर इथल्या मोठ्या गिरण्या आपल्याच तुरीवर चालतात. गावपातळीवर हे काम व्हावे म्हणून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिनी डाळ मिल विकसित केली. २०२० साली केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली. तीत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठरले आणि आमच्याकडे फायलींचा ढीग लागला.

त्यातली एक फाईल मीच भरली होती. पोरगा हुशार, पाच एकर कोरडवाहू. प्रकल्प अहवालात ‘गिरणी वर्षाला ३०० दिवस चालेल’ असे लिहिले. तसेच लिहायची पद्धत होती. पहिल्या वर्षी ती ७० दिवसही चालली नाही. मशीन आली, शेड झाले, पण तूर विकत घ्यायला पैसाच उरला नाही. पावसाळा लागला आणि भिजवलेली तूर वाळेना. बँकेचा हप्ता सोयाबीनच्या पैशातून गेला. शेताला पोसण्यासाठी काढलेला धंदा शेतच खाऊ लागला. शेडला कुलूप लागले, तेव्हा माझी मान खाली गेली.

म्हणून आता मी आधी कागदावर हिशेब मांडायला लावतो. तुम्हीही मांडून बघा. समजा तूर ७,००० रुपये क्विंटल पडली. भरडाई, पिशवी, वाहतूक मिळून ६०० रुपये. एका क्विंटलला ७२ किलो डाळ उतरली आणि चुणी-कळण्याचे ५०० रुपये आले, तर डाळ किलोला ९८-९९ रुपयांना पडली. ती ११० ला विकली तर क्विंटलमागे साधारण ८२० रुपये सुटतात. बँकेचा हप्ता महिना ८,००० असेल, तर नुसत्या हप्त्यासाठी दरमहा १० क्विंटल तूर भरडून ७२० किलो डाळ विकली पाहिजे. एक घर महिन्याला ४ किलो घेते असे धरले तर १८० घरे झाली. ही १८० घरे कोणती, ते वहीत लिहा. नावे सुचत नसतील तर फाईल करू नका. आणि वर्षाची १२० क्विंटल तूर हंगामातच घेऊन ठेवायची तर ८ लाख ४० हजार लागतात, मशीनचा पैसा वेगळाच.

अनुदानाचेही नीट समजून घ्या. ते रोख हातात पडत नाही. या योजनेत ते कर्जाशी जोडलेल्या खात्यात राहते. ३ वर्षे धंदा चालू आणि कर्ज नियमित राहिले, तरच ते कर्जात वळते होते. हप्ते थकले तर अनुदानाच्या भरवशावर काढलेले कर्ज तुमच्याच अंगावर येते.

मग सुरुवात कशी करावी? दोन पोती तूर दुसऱ्याच्या गिरणीवर भरडून आणा. एक किलोच्या पिशव्या करा. आठवडी बाजारात बसा, शाळेतल्या गुरुजींना, नोकरदारांना विचारा. तीच माणसे पुन्हा मागायला आली तर धंद्यात जीव आहे. एकदाच आली तर चूक डाळीत आहे की भावात, ते शोधा. उधारी पहिल्या दिवसापासून आखडती ठेवा, कारण किराणा दुकानदार माल आज घेतो आणि पैसे सणानंतर देतो. अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी, तराजूवर वजनमापे खात्याचा शिक्का, पिशवीवर वजन, तारीख, किंमत आणि पत्ता, एवढे सुरुवातीलाच करून घ्या. शेतीपंपाच्या जोडणीवर गिरणी चालवू नका, दंड बसतो. महावितरणकडे उद्योगाची वेगळी जोडणी मागा. आणि तुरीसोबत मूग, उडीद, हरभराही भरडा, म्हणजे मशीनला जास्त महिने काम मिळते.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) यांनाही एक विनंती आहे. ना-हरकत दाखल्यासाठी पोराला चार-चार चकरा मारायला लावू नका. आणि ‘आपल्या गावात पाच गिरण्या मंजूर’ अशी शेखीही मिरवू नका. जिथे एक गिरणी धड चालत नाही, तिथे पाच म्हणजे पाच कुलुपे. बचत गटांना दुसरी मशीन घ्यायला लावण्याआधी गावातल्या बंद शेडची किल्ली कोणाकडे आहे ते विचारा.

माझ्या त्या पोराचे कुलूप असेच निघाले. शेजारच्या गावच्या बचत गटातल्या बाया डाळ विकत होत्या, पण भरडायला लांब जात होत्या. दोघांची गाठ घालून दिली. आता तो त्यांची डाळ मजुरीवर भरडतो. घरची तूर लागेल तेवढीच घेतो. हप्ता अजून पुरता निघत नाही, काही शेतातूनच जातो. पण गिरणीचा आवाज येतो.

हे सारे फाईल भरण्याआधी व्हायला हवे होते. तेव्हा पुढच्या वेळी कार्यालयात याल, तेव्हा सातबाऱ्यासोबत ती वहीही आणा. आधी तीच बघू, सबसिडीचे मग बोलू.