बॅटमॅन-डेडपूल भेटले, पण कॉमिक दोन का?

सप्टेंबर २०२५ मध्ये मार्व्हलने ‘डेडपूल/बॅटमॅन’ काढलं, नोव्हेंबरमध्ये डीसीने ‘बॅटमॅन/डेडपूल’. जोडी तीच, पण कॉमिक दोन आणि प्रकाशकही दोन. मला मारामारीपेक्षा ही वाटणीच जास्त इंटरेस्टिंग वाटली.

कारण आधीचं उदाहरण बघा. ‘जेएलए/अ‍ॅव्हेंजर्स’ दोघांनी मिळून काढलेलं. आमच्या भाषेत, कोड एक आणि मालक दोन. एकाने नाही म्हटलं की रिलीज अडकलं. १९८३ मध्ये जॉर्ज पेरेझ यांनी त्याची पानं काढायलाही घेतली होती, पण कंपन्यांचं बिनसलं. शेवटी ते आलं २००३ मध्ये. वीस वर्षं! पेरेझ आजारी असताना २०२२ मध्ये ते पुन्हा छापलं, तेही फक्त ७,००० प्रती, गरजू कॉमिक कलाकारांना मदत करणाऱ्या हीरो इनिशिएटिव्हसाठी. त्याच वर्षी मे महिन्यात पेरेझ गेले. मी ते कुणीतरी पाठवलेल्या स्कॅनवर वाचलं. चूकच, कबूल.

आता प्रत्येकाचं पुस्तक वेगळं, त्यामुळे गुंता कमी होईल असा माझा अंदाज. पण दुसऱ्याच्या हिरोसाठी परवानगी लागतेच, आणि ती कायमची नसते. अ‍ॅपवर दिसलं तर वाचून टाका, सेव्ह करून ठेवू नका.