पेटीचा रंग

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. त्यांच्या पत्र्याच्या पेटीला मात्र कुणी विचारीत नाही. आमच्या मुलुंडला पूर्वेस खाडी अन् मिठागरे, वर चार महिने पाऊस. पेटी गंजली की आतला पान्हाही गंजलाच! ‘टिकाऊ रंग कोणता?’ असे जो तो विचारतो. मी म्हणतो, टिकाऊपणा डब्यात नसतो, रंगाखाली असतो. काचकागदाने गंज खरवडावा, पेटी गोड्या पाण्याने धुऊन वाळवावी, तेलकटपणा टर्पेंटाइनने पुसावा. मग रेड ऑक्साइडचा एक हात. तो सुकल्यावर चकचकीत एनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये दिवसभर उसंत. जाड थराला सुरकुत्या पडतात. बिजागऱ्या अन् कोपरे विसरू नका. गंजाचा शिरकाव तिथूनच! खिडक्यांच्या गजांना देऊन दिवाळीत जो एनॅमल उरतो, तेवढा पेटीला पुरतो.