पोत्यावरचे नाव

वैनगंगेकाठचा ब्रह्मपुरीचा परिसर हा धानाचा मुलूख. राईस मिल, अडत, बारदाना किंवा वाहतूक, कोणत्या ना कोणत्या वाटेने धान येथील बहुतेक व्यापारी घराण्यांच्या खतावणीत येतेच. या बाजारात ‘एचएमटी’ म्हटले की प्रथम तांदूळ आठवतो. ते मुळात घड्याळाचे नाव आहे, हे नव्या पिढीला आता सांगावे लागते. या नावामागची हकीकत प्रत्येक गादीवर एकदा तरी सांगितली जावी अशी आहे.

शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी राहत. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली ‘पटेल-३’ या वाणाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्या त्यांनी जपून ठेवल्या, स्वतंत्र पेरल्या आणि पुढे वर्षानुवर्षे निवड करीत वाण स्थिर केले. दाणा बारीक, भात चवदार आणि उताराही चांगला. वाणाला मात्र नाव नव्हते. तळोधीच्या बाजारात माल आला, तेव्हा एका व्यापाऱ्याने त्या काळी घरोघरी पोहोचलेल्या घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव दिले. माल त्या नावाने खपू लागला आणि बियाणे गावोगाव, पुढे परराज्यांतही गेले. घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. तांदूळ मात्र आजही त्याच नावाने विकला जातो.

त्या व्यापाऱ्याने कोणताही कायदा मोडला नाही. चांगला माल ओळखणे आणि त्याला लक्षात राहील असे नाव देणे, हे व्यापाराचे कसबच आहे. मात्र नाव देताना, ते शोधकर्त्याचेही असू शकते, हा विचार बाजारात कोणाला सुचला नाही. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’नेही त्यांची दखल घेतली. तरीही ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा आजारपणाच्या खर्चाची विवंचना त्यांच्या घराला चुकली नव्हती. ज्या वाणावर अनेक पेढ्या उभ्या राहिल्या, त्याच्या जनकाचे खाते त्यांपैकी कोणाच्या वहीत नव्हते.

आज उद्योगांच्या सामाजिक उत्तरदायित्वाची पुष्कळ चर्चा होते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते. तालुक्याच्या गावातील बहुतेक पेढ्या या मर्यादेच्या कितीतरी खाली असतात आणि ‘हे आपल्याला लागू नाही’ म्हणून विषय तेथेच संपतो. याच कायद्याच्या नियमांत एक बोलकी तरतूद आहे. धंद्याच्या नित्य व्यवहारात केलेला खर्च या दोन टक्क्यांत धरला जात नाही. म्हणजेच शेतकऱ्याशी, हमालाशी आणि मुनिमाशी मालक कसा वागतो, हे कायद्याने या हिशेबाबाहेर ठेवले आहे. तो भाग पुष्कळसा मालकाच्या विवेकावर अवलंबून आहे आणि तो लहान-मोठ्या प्रत्येक पेढीला लागू आहे.

देणगी नफ्यातून निघते. जबाबदारी त्याच्या आधी, खरेदीच्या नोंदीपासून सुरू होते. काटा बरोबर असणे, धानाचा चुकारा ठरल्या दिवशी देणे, ओलाव्याच्या नावाखाली मनमानी कपात न करणे ही तिची पहिली पायरी. दुसऱ्या वाणाचा तांदूळ एचएमटीच्या पोत्यात न भरणे ही दुसरी. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सलात नक्कल मिसळून विकणे, स्पष्टपणे गणले आहे. तिसरी पायरी क्वचितच कोणी चढतो. ज्याच्या कल्पनेवर किंवा कष्टावर आपला माल उभा आहे, त्याचे नाव पोत्यावर छापणे आणि पोत्यामागे लहानशी का होईना, रक्कम त्याच्या नावे जमा करणे. हेच पेढीवरील जुन्या कारागिरालाही लागू पडते. त्याने सुचवलेली युक्ती मालकाच्या नावाने सांगितली गेली, तर तो दुसरी युक्ती सुचवीत नाही.

लेखाशास्त्राच्या नियमानुसार पेढीने स्वतः मिळवलेला नावलौकिक ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. विकत घेतलेलाच दाखवता येतो. तरीही वारसांना दुकानाच्या भिंतींपेक्षा तोच अधिक काळ पुरतो. येत्या हंगामात नवा बारदाना छापावयास देण्यापूर्वी घरातील थोरांनी आणि तरुणांनी एकत्र बसून एवढेच ठरवावे की पोत्यावर आपल्या पेढीच्या नावाशेजारी आणखी कोणाचे नाव असणे न्यायाचे होईल.